नाणे वाजवून घेताना

नाणे वाजवून घ्यावे, असे आपल्याकडे म्हणतात. माणसाविषयी चांगले बोलायचे झाले, तर ‘खणखणीत नाणे’ म्हटले की मराठी माणसाचे समाधान होते. आणि वाईट बोलायचे झाले, तर ‘खोटे नाणे’ एवढे दोन शब्द पुरतात. रुपया जेव्हा खरोखरच चांदीचा होता, तेव्हा दुकानदार तो फरशीवर टाकून कान देत असे. आवाज नितळ आला की रुपया गल्ल्यात. बद्द आला की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे एक तिरपी नजर. ही परीक्षा मला फार आवडते. तिच्यात वाद नाही, वशिला नाही. चांदी बोलते, आणि आपण कोणाच्या मालकीचे आहोत हे चांदीला ठाऊक नसते.

परंतु ज्या नाण्यांविषयी मी लिहिणार आहे, त्यांना असे फरशीवर टाकले तर त्यांचे शौकीन मला हाताला धरून घराबाहेर काढतील. ही नाणी म्हणजे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर. त्यांच्या संग्राहकाला ‘खरे की खोटे?’ एवढ्या उत्तरावर चैन पडत नाही. नाणे खरे तर आहेच. पण किती चांगले, हा त्याचा प्रश्न. आणि ‘किती चांगले’ असे विचारले, की तेथे कान उपयोगी पडत नाही, डोळा लागतो. डोळा हा कानाइतका निःस्पृह नाही. कान आलेला आवाज ऐकतो. डोळा पुष्कळदा मनाने आधीच पाहून ठेवलेले तेवढेच पाहतो. म्हणून या नाण्यांच्या निमित्ताने माझ्या मनात एक प्रश्न बरेच दिवस घोळतो आहे. जी वस्तू आपल्याला हवीशी वाटते, तिची खरी पारख आपल्याला करता येते काय?

मी पेशाने शिक्षक. उभा जन्म उत्तरपत्रिकांवर लाल शाईने गुण देण्यात गेला. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेला अधूनमधून राहणे होऊ लागले, आणि तेथे या डॉलरांचा नाद लागला. माझ्या संग्रहात डझनभरच नाणी आहेत, तीही स्वस्त सालांची. तेव्हा मी कोणी मोठा जाणकार म्हणून बोलत नाही. पण गुण देण्याच्या व्यवसायातली सुखदुःखे मला ठाऊक आहेत, आणि या छंदातही शेवटी सगळे येऊन थांबते ते गुण देण्यापाशीच.

आधी नाण्याची ओळख करून देतो. सर्वांत लोकप्रिय आहे तो ‘मॉर्गन डॉलर’. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कोरक्याने तो घडवला, म्हणून त्याचे हे नाव. १८७८ पासून १९०४ पर्यंत, आणि मग पुन्हा १९२१ साली, मिळून पासष्ट कोटींहून अधिक नाणी पडली. हौशी लोकांसाठी २०२१ पासून ती पुन्हा पाडली जाऊ लागली, तो भाग वेगळा. जुन्या नाण्याचे वजन ४१२.५ ग्रेन, म्हणजे २६.७३ ग्रॅम, आपल्या तोळ्याने सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. दहा भागांत नऊ भाग चांदी, एक भाग तांबे. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. त्या देवीसाठी मॉर्गनपुढे बसली होती ती फिलाडेल्फियाची ॲना विल्यम्स नावाची तरुणी. पुढे ती शिक्षिका झाली. आमच्या व्यवसायातल्या एका बाईचा चेहरा इतक्या कोटी नाण्यांवर उमटला, याचा मला उगीचच अभिमान वाटतो.

अशा एका नाण्याच्या किमती तीन. पहिली सरकारने सांगितलेली: एक डॉलर. दुसरी सराफाने सांगितलेली: त्यात चांदी असेल तेवढी. तिसरी संग्राहकाने सांगितलेली. आणि हिच्यात साल, टांकसाळ आणि नाण्याची प्रत, असे सगळे येते. पहिली किंमत वाचता येते, दुसरी तोलता येते. तिसरी मात्र ठरवावी लागते. आणि जे ठरवावे लागते, तेथेच माणसाच्या नीतीचा संबंध येतो.

प्रत ठरवण्याची रीत मोठी गमतीची आहे. नाणे काठाने धरायचे, दिव्याखाली हळूहळू फिरवायचे. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाची आरी फिरतात, बैलगाडीच्या चाकासारखी. ही झळाळी ठशाच्या दाबाने येते आणि एकदा गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. मग भिंग घेऊन उंचवटे पाहायचे: देवीच्या कानावरचे केस आणि गरुडाची छाती. झीज आधी तेथे दिसते. पण एवढ्याने भागत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत पुष्कळ नाण्यांवर ठसा नीट बसलाच नाही. त्यामुळे कोणाचाही हात न लागलेले नाणेदेखील कानापाशी सपाट दिसते. जगात वावरून झिजलेले कोणते आणि जन्मतःच अपुरे उमटलेले कोणते, हे ओळखणे म्हणजे खरी परीक्षा. शिक्षकाला हा प्रश्न नवा नाही. मागच्या बाकावरचा मुलगा मुळातच मंद आहे, की पहाटे वर्तमानपत्रे टाकून दमून आला आहे, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. त्यासाठी मुलाकडे नीट पाहावे लागते.

आणखी एक गंमत. ही नाणी टांकसाळीतून निघाली की हजार-हजारांच्या कॅनव्हासच्या थैल्यांत भरली जात आणि सरकारी तळघरांत रचून ठेवली जात. लोकांना जड डॉलरपेक्षा कागदी नोट सोयीची वाटे, म्हणून कित्येक थैल्या वर्षानुवर्षे उघडल्याच नाहीत. पण थैली उचलताना, आपटताना नाणी एकमेकांवर घासली आणि देवीच्या गालावर ओरखडे उठले. म्हणजे जगात पाऊल न टाकताही, नुसत्या सग्यासोयऱ्यांच्या सहवासाने अंगावर व्रण उठतात. एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

हे सारे पाहून आकडा द्यायचा, तो १ पासून ७० पर्यंत. १ म्हणजे नाणे कोणते एवढे कसेबसे ओळखता येते. ४ आणि ६ यांना म्हणतात ‘गुड’. सत्तरपैकी चार गुण मिळवणाऱ्याला ‘चांगला’ म्हणणारी परीक्षा माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडली असती! पुढे ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’ अशा पायऱ्या चढत ४० आणि ४५ ला ‘एक्स्ट्रीमली फाइन’ येते. ५० ते ५८ म्हणजे जवळजवळ न वापरलेले. आणि ६० पासून वर म्हणजे टांकसाळीतून निघाले तसे. ५८ गुणांचे नाणे पुष्कळदा ६० वाल्यापेक्षा देखणे असते. साठवाल्याचे अंग ओरखड्यांनी भरलेले, अठ्ठावन्नवाल्याला नुसता कोणाच्या बोटांचा पुसट स्पर्श. तरी नियम तो नियम. व्यवहारात पाऊल टाकले की साठीची दारे बंद.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नाण्यांच्या बाजारात एक जुना अनुभव आहे: विकणाऱ्याच्या हातात नाणे असते तेव्हा ते ६४ चे असते, तेच घेणाऱ्याच्या हातात गेले की ६२ चे होते. नाणे तेच, दिवा तोच, भिंग तेच. फक्त टेबलाची बाजू बदलली. आपल्याकडे या शास्त्राचे सूत्र केव्हाच सांगून ठेवले आहे: आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. यात दर वेळी लबाडी असते असे मात्र मला वाटत नाही. लबाडी असती तर प्रश्न सोपा होता. बाब्याच्या आईला तो खरोखरच बाब्या दिसतो, हीच तर अडचण आहे.

याची प्रचीती मला एका मित्राच्या घरी आली. हा मित्र रत्नागिरीकडचा, मालवाहू बोटीवर इंजिनियर होता. १९६० च्या आसपास त्याची बोट सॅन फ्रान्सिस्कोला लागे. त्या काळी अमेरिकेत कागदी डॉलर देऊन चांदीचा डॉलर मागून घेता येई. ही सोय १९६४ च्या मार्चमध्ये बंद झाली. तोवर त्याने एकोणीस नाणी जमवली होती. पुढे तो तिकडेच स्थायिक झाला आणि काही वर्षांपूर्वी तेथेच वारला. मी मुलाकडे गेलो असताना वहिनींना भेटायला गेलो, तर त्यांनी नाण्यांचा डबाच माझ्यापुढे ठेवला.

“भाऊजी, यातलं मला काही कळत नाही. एक नाणं भारी आहे, असं ते म्हणायचे. तुम्ही बघा. आणि आवडलं तर तुम्हीच ठेवा. काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.”

ते नाणे मी लगेच ओळखले. १८९२ साल, आणि मागे पुष्पमालेखाली सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’ हे अक्षर. या सालाची गंमत अशी की तेथे बारा लाख नाणी पडली, पण बहुतेक सारी व्यवहारात जाऊन झिजली. झिजलेले नाणे माझ्यासारख्या पेन्शनरालाही परवडते. न वापरलेल्याची किंमत दहा हजार डॉलरांच्या कितीतरी पुढे जाते. म्हणजे सारा खेळ प्रतीचा. आणि मला ते नाणे हवे होते. फार हवे होते.

मी दिव्याखाली बसलो. आधी आपण घेणार आहोत, अशा मनाने पाहिले. केसांवर झीज होती, झळाळी फक्त अक्षरांच्या कुशीत उरलेली होती. कागदावर आकडा लिहिला: ४५. मग चहा झाला. कागद उलटा ठेवून मी पुन्हा बसलो. या खेपेस मनाशी म्हटले, हे नाणे वहिनींचे आहे, आणि ते विकण्याचे काम माझ्यावर आहे. आता केसांच्या बटा सुट्या दिसू लागल्या. गालाच्या कडेने झळाळीची एक पुसट लाट सरकत होती, ती मघाशी नजरेतून निसटली होती. आकडा लिहिला: ५५. या दोन आकड्यांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर होते. आणि वाचकांनी विश्वास ठेवावा, दोन्ही वेळा मी प्रामाणिक होतो.

मी म्हणालो, “वहिनी, हे नाणं घ्यायचं किंवा त्याची किंमत सांगायची, यातलं एकच काम मला सांगा. दोन्ही नका सांगू.”

त्या हसल्या. “मग सांगायचंच काम करा.” मी सांगितले ते एवढेच, की नाणे तिऱ्हाइताकडे पाठवा. त्याप्रमाणे त्यांच्या मुलीने ते पाठवले. उत्तर आले: ५३.

हे तिऱ्हाइत म्हणजे नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या संस्था. पहिली मोठी संस्था १९८६ साली कामाला लागली, दुसरी १९८७ साली. त्यांची पद्धत मला ओळखीची वाटली. आमच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तेथेही नाणे कोणाचे हे तपासनिसाला ठाऊक नसते. एकाहून अधिक तपासनीस आपापले आकडे स्वतंत्रपणे देतात, मग नाणे पारदर्शक डबीत कायमचे बंद होते. अर्थात माणूस कोठेही जातो तो आपला स्वभाव घेऊनच जातो. आकडा पसंत पडला नाही तर डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवणारे लोक आहेत. एक गुण जरी वाढला तरी काही सालांच्या नाण्यांत त्याचे मोल मोठे असते. फेरतपासणीचे अर्ज मीही पुष्कळ पाहिले आहेत. गुण कमी करा, असा अर्ज मात्र एकही पाहिला नाही.

आता ही सत्तर गुणांची पट्टी कोणी काढली, ते ऐका. विल्यम शेल्डन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. माणसाच्या शरीराची ठेवण तीन आकड्यांत मांडावी आणि तिच्यावरून त्याचा स्वभाव ओळखावा, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो पुढे टिकला नाही. पण तांब्याच्या जुन्या सेंटांवर १९४९ साली त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्यातली पट्टी टिकली. मूळ कल्पना साधी होती: १ गुणाच्या नाण्याची किंमत एक डॉलर धरली, तर ७० गुणांच्या नाण्याची सत्तर डॉलर. किमतींचे ते गणित लवकरच मोडले. आकडे मात्र राहिले, आणि १९७० च्या दशकात चांदीच्या डॉलरांनाही तेच लागू झाले.

शेल्डन १९७७ साली वारले. त्यानंतर उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली शंभराहून अधिक उत्तम सेंट त्यांनी लांबवली होती आणि त्या जागी त्याच प्रकारची हलक्या प्रतीची नाणी ठेवली होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्याने जगाला प्रत मोजायला शिकवले, त्यानेच चढी प्रत उचलून उतरती ठेवली! पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला संताप आला. मग वाटले, त्यांची पट्टी टाकून द्यावी काय? पण विचार केल्यावर उलट दिसले. ही चोरी पकडली गेली ती कशाने? प्रत्येक नाण्याचा ओरखडा, डाग आणि झीज बारकाईने पाहण्याची जी सवय या शास्त्राने लावली, तिनेच. संग्रहातली नाणी जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा ती निराळी निघाली. पट्टी खरी होती. ती धरणारा हात खोटा होता. शेल्डनना प्रत कळत नव्हती, असे कोण म्हणेल? त्यांच्याइतकी ती फार थोड्यांना कळत होती. जाणकारी आणि निःस्पृहता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढत नाही.

कोणी म्हणेल, मग ही प्रतवारीची भानगडच नको. सराफासारखे वजन करावे आणि मोकळे व्हावे. तराजूला ना बाब्या, ना कार्टे. असाही एक काळ येऊन गेला, आणि त्याचा आपल्याशी फार जवळचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई पडली. लोक नोटा घेऊन रुपये मागू लागले आणि सरकारी खजिन्यातली चांदी आटत चालली. इंग्रज सरकारने अमेरिकेकडे चांदी मागितली. १९१८ च्या एप्रिलमध्ये तेथे सिनेटर पिटमन यांचा कायदा झाला आणि तळघरांतल्या त्या थैल्या भट्टीकडे निघाल्या. सत्तावीस कोटी डॉलर वितळले. त्यांपैकी जवळजवळ सव्वीस कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी होती. तिचे मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत रुपये झाले. डॉलरात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन आणि आपल्या रुपयात १६५. म्हणजे एका डॉलराचे बरोबर सव्वादोन रुपये.

भट्टीने कोणाची प्रत विचारली नाही. कोणत्या सालाचे किती डॉलर वितळले, याची नोंददेखील ठेवली गेली नाही. कदाचित त्यांत आज लाखांनी किंमत मिळाली असती अशी नाणी असतील. तराजू कोणावर अन्याय करत नाही हे खरे. पण तो कोणाला ओळखतही नाही. आणि भूक लागलेल्या माणसाला दाणा हवा असतो, तशी त्या वर्षी आपल्या लोकांना चांदीच हवी होती. देवीचा चेहरा नको होता. तेव्हा भट्टीलाही मी नावे ठेवणार नाही.

वहिनींच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात सासूबाईंकडून आलेले पंचम जॉर्जचे रुपये असतात, १९१८ आणि १९१९ सालचे, आणि शेजारी मित्राचे डॉलर. रुपयांना दर दिवाळीला चिंचेने घासून अंघोळ घालतात. त्यामुळे बादशहाचे नाक केव्हाच सपाट झाले आहे. मित्राने मात्र बजावून ठेवले होते, “या अमेरिकन बायकांना पाण्याला लावू नकोस.” त्याचे बरोबर होते. घासून लखलखीत केलेल्या नाण्याला प्रतवारीच्या संस्था साधा आकडाही देत नाहीत, नुसते ‘साफ केलेले’ असे लिहितात. एकाच ताटात एक नाणे न धुतल्यामुळे मोलाचे आणि दुसरे दरवर्षी धुतल्यामुळे पूज्य! आणि कोणी सांगावे, त्या रुपयातली चांदी पूर्वी एखाद्या डॉलराच्या गालाची असेल. आता त्यांतले कोणते श्रेष्ठ? चांदीला विचाराल तर दोन्ही सारखी. संग्राहकाला विचाराल तर डॉलर. वहिनींना विचाराल, तर सासूबाईंचा रुपया त्या कोणत्याही किमतीला देणार नाहीत.

मला वाटते, प्रतवारी टाळता येत नाही, आणि टाळूही नये. माणसाकडे नुसते वजन म्हणून पाहण्यापेक्षा त्याचा चेहरा, त्याची झीज आणि त्याचे ओरखडे पाहणे केव्हाही बरे, मग त्यात चूक होण्याचा धोका का असेना. फक्त जेथे आपले घेणेदेणे गुंतलेले असेल, तेथे एक पथ्य पाळावे: आकडे दोन लिहावेत. स्वतःच्या मुलाला गुण देताना तो शेजाऱ्याचा असता तर किती दिले असते, आणि सुनेला देताना ती आपली लेक असती तर किती, हेही कागदाच्या मागे लिहून पाहावे. दोन आकडे एक येतील, अशी अपेक्षा ठेवू नये. ते कोणाचेच येत नाहीत. पण त्यांतले अंतर वाचावे. वहिनींच्या नाण्याची प्रत ५३ ठरली, ती त्या नाण्याची. माझ्या कागदाच्या दोन बाजूंत दहा गुणांचे अंतर होते, ती माझी प्रत. ती मात्र कोणती संस्था डबीत बंद करून देत नाही, आणि हे एका परीने बरेच आहे. पुढच्या खेपेस ते अंतर आठावर आणता येईल, एवढी आशा त्यामुळे उरते.